घरातील रेडॉन: मोजणी आणि उपाय

रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग, वास किंवा चव नसते. त्यामुळे घरात तो किती आहे हे मोजल्याशिवाय कळण्याचा कोणताही मार्ग नाही. डोके दुखणे किंवा खोकला येणे अशी त्याची तात्काळ लक्षणेही नसतात. जमिनीतील युरेनियमच्या ऱ्हासातून (अणू किरण सोडत दुसऱ्या मूलद्रव्यात बदलण्यातून) रेडियम तयार होते आणि रेडियमच्या ऱ्हासातून रेडॉन. युरेनियम कमीअधिक प्रमाणात जवळपास सर्वच माती-खडकांत असते, म्हणून कोणतेही घर केवळ पत्त्यावरून सुरक्षित ठरवता येत नाही. शेजारच्या घराची नोंद कमी आली म्हणून स्वतःच्या घराची मोजणी टाळणे ही चूक अनेकजण करतात, ती आवर्जून टाळावी.

रेडॉनचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे ३.८ दिवस असते. श्वासावाटे आत गेलेला बराचसा रेडॉन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. खरा अपाय करतात ती त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणारी पोलोनियमसारखी घनरूप मूलद्रव्ये, जी हवेतील सूक्ष्म कणांना चिकटून फुप्फुसांत पोहोचतात आणि तेथे पेशींना इजा करणारे अल्फा कण सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण रेडॉनमुळे होतात आणि घरातील रेडॉनची दीर्घकालीन सरासरी घनमीटरमागे १०० बेकरेलने (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास) वाढली की हा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही धोके एकमेकांना बळ देतात. ज्या घरात रेडॉन जास्त आढळला आहे त्या घरात धूम्रपान थांबवणे हा रेडॉन बाहेर काढणारा पाइप किंवा पंखा बसवण्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

घरातील रेडॉनकडे जगाचे लक्ष वेधले ते १९८४ च्या डिसेंबरात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बांधकाम चालू असलेल्या लिमरिक अणुवीज केंद्रातील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तेथील किरणोत्सार-सूचक यंत्रे वाजू लागली आणि शोधाअंती दूषितीकरणाचा उगम त्यांच्या राहत्या घरात सापडला. त्या घरातील पातळी घनमीटरमागे सुमारे १ लाख बेकरेल होती, तर मोकळ्या हवेत ती साधारणतः ५ ते १५ बेकरेल असते.

मोजणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. अल्पकालीन मोजणीत सक्रिय कोळशाची डबी २ ते ७ दिवस उघडी ठेवून, मग घट्ट बंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतात. कोळशात अडकलेला रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होत असल्याने ती पाठवण्यास विलंब करू नये. दीर्घकालीन मोजणीत विशिष्ट प्लॅस्टिकच्या तुकड्यावर अल्फा कणांच्या खुणा उमटतात आणि ते साधन किमान ३ महिने, शक्य असल्यास वर्षभर ठेवतात. रेडॉनची पातळी ऋतू, वारा आणि दारे-खिडक्यांच्या उघडझापीनुसार बदलत असल्यामुळे वर्षभराची सरासरीच अधिक भरवशाची.

साधन घराच्या सर्वांत खालच्या वापरात असलेल्या मजल्यावर, जमिनीपासून किमान अर्धा मीटर उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीपासून आणि उष्णतेपासून दूर ठेवावे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे. अल्पकालीन मोजणीच्या १२ तास आधीपासून आणि मोजणी चालू असताना खिडक्या व बाहेरची दारे, ये-जा सोडून, बंद ठेवावीत.

निष्कर्ष वाचताना एकक पाहावे: लिटरमागे १ पिकोक्युरी म्हणजे घनमीटरमागे ३७ बेकरेल. जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवते आणि ती शक्य नसेल तेथेही ३०० च्या वर जाऊ नये असे सांगते; अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १४८ बेकरेलला, म्हणजे ४ पिकोक्युरीला, दुरुस्तीचा सल्ला देते. पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही पातळी मात्र ज्ञात नाही.

उपाय निवडण्यापूर्वी वायू आत का येतो हे समजून घ्यावे. घरातील उबदार हवा वर चढून निसटते, त्यामुळे खालच्या भागातील दाब जमिनीतील हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि फरशीच्या भेगा, भिंत व फरशी यांमधील सांधा, पाइपांभोवतीच्या फटी यांतून घर अक्षरशः मातीतील हवा शोषू लागते. हवा बाहेर फेकणारा पंखा हा कमी दाब आणखी वाढवू शकतो. म्हणूनच नुसत्या भेगा बुजवणे पुरत नाही, कारण उरलेल्या बारीक फटींतून वायू येतच राहतो, तर खिडक्या उघडल्याने मिळणारा दिलासा त्या बंद करताच काही तासांत संपतो. हवा शुद्ध करणारी यंत्रे रेडॉन वायू काढून टाकत नाहीत.

सर्वांत परिणामकारक उपाय दाबाची दिशाच उलटवतो. फरशीला छिद्र पाडून, खालची थोडी माती काढून, साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप उभा करतात आणि त्यावरील सतत चालणारा पंखा फरशीखालची हवा खेचून छपराच्या वर, खिडक्यांपासून दूर सोडतो. पंखा राहत्या भागात बसवू नये, कारण त्याच्या पुढील पाइपाला गळती लागल्यास रेडॉन थेट खोलीत येईल. फरशीखाली रिकामी जागा असेल तर माती जाड प्लॅस्टिकने झाकून त्याखालून हवा खेचतात. असे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. चुकीचा दाब निर्माण झाल्यास इंधनावर चालणाऱ्या उपकरणांचा धूर घरात उलटू शकतो.

पाइपावर दाब दाखवणारी, द्रव भरलेली वाकडी नळी बसवतात; तिच्यातील दोन्ही बाजूंची पातळी असमान असेल तर पंखा खेचतो आहे. ती समान झाली तर पंखा बंद पडला आहे. ही नळी रेडॉन मोजत नाही, म्हणून काम पूर्ण झाल्यावर २४ तासांनंतर आणि ३० दिवसांच्या आत नवी मोजणी करावी, पुढे दर दोन वर्षांनी आणि घराच्या प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर ती पुन्हा करावी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरत असल्यास त्याचीही तपासणी करावी, कारण अंघोळ करताना पाण्यातील रेडॉन हवेत मिसळतो आणि तो घटवण्यासाठी पाणी घरात येण्यापूर्वीच त्यातून हवा खेळवावी लागते.