गरब्यात नडगी दुखायला लागली, तर

बडोद्याचा गरबा अनवाणी आणि मातीच्या मैदानावर. वर्षभर खुर्चीत बसलेले पाय नवरात्रात रोज दोन-तीन तास उड्या घेतात, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री नडगी कुरकुरायला लागते. तेव्हा बाम चोळायच्या आधी बोटाने तपासा.

नडगीचं मुख्य हाड टिबिया. त्याची आतली सपाट बाजू थेट कातडीखाली असते, मध्ये स्नायूची गादी नाही. हाडावरच्या पातळ आवरणात वेदनेच्या नसा भरपूर, म्हणूनच टीपॉयचा कोपरा लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बाहेरच्या बाजूचं बारीक फिब्युला फारसं वजन पेलत नाही.

बसून पाय सैल सोडा. हाडाच्या आतल्या कडेवर, घोट्यापासून वर, एकेक बोट सरकवत दाबत जा. खालच्या अर्ध्या भागात चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट. पोटरीचे स्नायू प्रत्येक उडीला हाडाच्या कडेवर ओढ देतात आणि हाडावरही वारंवार ताण येतो, तो हा त्रास. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग त्या वर्षीचे पास दुसऱ्याला द्या आणि डॉक्टरांकडे जा. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही. गरज पडली तर ते एमआरआय सांगतील.

पट्टा दुखत असेल तर बर्फ ओल्या रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. उड्या आणि धावणं बंद, सपाट रस्त्यावर न दुखता जमेल तेवढं चालणं चालू. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवा, टाच जमिनीवरच, ३० सेकंद, तीन वेळा. गोळी घेऊन मैदानात उतरणं हा सगळ्यात वाईट उपाय: दुखणं दबतं, हाडावरचा ताण तसाच राहतो.

पुढच्या वर्षी तयारी महिनाभर आधी सुरू करा. एक दिवसाआड २० मिनिटं गरब्याची पावलं, बूट घालून. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहण्याचे १५-१५ चे तीन फेरे. शेवटच्या दोन आठवड्यांत कमाटीबागेत थोडं अनवाणी चालून तळवे सरावू द्या.

मार लागून किंवा अति श्रमाने नडगी दगडासारखी ताठरली, वेदना वाढतच गेली, पावलाला मुंग्या आल्या किंवा पाऊल वर उचलेना, तर तासाभराचाही उशीर नको, थेट इस्पितळ. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली तरी त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते.

नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून खळगा तसाच राहिला, तर ती पाण्याची सूज. गरब्याचा तिच्याशी फारसा संबंध नसतो; हृदय, मूत्रपिंड, यकृत, शिरा किंवा चालू असलेली औषधं तपासावी लागतात. मधुमेह असेल तर नडगीवरचं साधं खरचटणंही रोज बघा. इथली कातडी पातळ, जखम भरायला वेळ घेते.