रिमोटने गाडी उघडत नसेल तर दोष कोठे शोधावा?

रिमोटचे बटण दाबूनही गाडी उघडत नसेल, तर खर्चाचा विचार करण्याआधी दोष रिमोटमध्ये आहे की गाडीत, हे ठरवावे. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या चावीचा रिमोट वापरून पाहावा. त्याने दारे उघडली, तर दोष पहिल्या रिमोटमध्येच आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर, प्रक्षेपण मनोऱ्यांजवळच गाडी लावली असेल आणि दोन्ही रिमोट तिथे अडखळत असतील, तर गाडी दूर नेऊन पुन्हा तपासावे. प्रबळ रेडिओलहरींमुळे रिमोटचा क्षीण संकेत झाकला जाऊ शकतो.

पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडू लागली, तर प्रथम सेल बदलावा. अनेक रिमोटमध्ये सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो, तरी जुन्या सेलवरचा क्रमांक वाचूनच नवा घ्यावा. सीआर२०२५ चा व्यासही २० मिलिमीटरच असल्याने तो त्याच जागी बसतो. परंतु त्याची जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर असल्यामुळे आतल्या पट्टीला तो नीट टेकत नाही, रिमोट कधी चालतो, कधी चालत नाही आणि नवा सेल घातलेला असल्याने संशय भलतीकडेच जातो. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास जिवावर बेतू शकते.

कास किंवा महाबळेश्वरच्या पावसात रिमोट भिजला असेल, तर सेल लगेच काढून रिमोट उघडा ठेवून वाळवावा आणि पट्ट्यांवर हिरवट थर दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावा.

रिमोट दर वेळी नवा सांकेतिक क्रमांक पाठवतो. हा क्रम गाडीशी जुळेनासा झाल्यास तो पुन्हा जुळवण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून त्या गाडीच्या पुस्तिकेतलीच वापरावी.

दोन्ही रिमोट कोठेच चालत नसतील, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज तपासावा. एकच दार अडत असेल, तर त्या दाराची लॉक मोटर किंवा बिजागरीजवळ वाकून तुटलेली वायर पाहण्यास ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगावे.

वाटेतच अडचण आली, तर स्मार्ट चावीत दडवलेल्या धातूच्या चावीने दार उघडावे. बटणावर सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत सेल संपलेला रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून ते दाबल्यास इंजिन सुरू होते, कारण इमोबिलायझरच्या (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चिपला त्या सेलची गरज नसते.