प्रभाग समितीत नागरिकांना बोलू द्यायचं, तर नियम कसे करावेत?

नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनातल्या महासभेत बोलतात ते नगरसेवक आणि अधिकारी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार सभा ऐकायला नागरिक बसू शकतात, पण बोलायची मुभा त्यांना नसते. म्हणून सुरुवात प्रभाग समितीपासून करा. नाशिकच्या सहाही विभागांत ती असते, विषय रस्ता-पाणी-गटारीचे असतात आणि स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ‘बैठकीचा पहिला अर्धा तास नागरिकांसाठी’ एवढा साधा ठराव मांडायला एखाद्या नगरसेवकाला तयार करा. मसुदा आधी नगरसचिव विभागाला दाखवून घ्या, म्हणजे तांत्रिक कारणावरून तो अडकणार नाही.

विषयपत्रिका किमान आठवडाभर आधी विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे, तीही सोप्या मराठीत. ‘विषय क्र. 7 बाबत’ एवढंच लिहिलं, तर आपल्याच गल्लीचा विषय आहे हे कोणाला कळणार?

नावनोंदणी ऑनलाइन ठेवा, पण बैठकीआधी दारात चिठ्ठी देऊनही नाव घालता आलं पाहिजे. पत्ता माइकवर सांगायला लावू नका, प्रभाग क्रमांक पुरे. अतिक्रमणाविरुद्ध बोलणाऱ्या बाईचं घर सगळ्या सभागृहाला कळायची काय गरज?

खरी कसोटी वेळेची. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग तो माजी नगरसेवक असो की भाजीवाला. घंटा वाजवायचं काम अध्यक्षांनी स्वतःकडे ठेवू नये, ते कर्मचाऱ्याला द्यावं. नावं जास्त झाली तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा आणि बाजूचा एक, विरोधातला एक असं आलटूनपालटून बोलवा. तपोवनातल्या झाडतोडीच्या प्रस्तावावर 2025 च्या अखेरीस नाशिककर मोठ्या संख्येने हरकती घेऊन पुढे आले होते. अशा विषयाला अर्धा तास पुरणारच नाही, तिथे वेगळी सुनावणीच ठेवावी. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचं लेखी म्हणणं इतिवृत्ताला जोडावं.

काय बोलू नये, याची यादी जितकी छोटी तितकी चांगली. शिवीगाळ, धमकी, जातिधर्मावरून अपमान आणि विषय सोडून भाषण, एवढ्यावर थांबवावं. ‘प्रशासनाची बदनामी’ हे कलम कोणी घुसवू पाहिलं, तर तिथे अडून बसा. त्याच्या आधाराने कोणालाही खाली बसवता येतं. आणि थांबवण्याआधी एक ताकीद हवीच.

सातपूर-अंबडच्या कामगाराला सकाळी अकराची बैठक काय कामाची? निदान एकाआड एक बैठक संध्याकाळी घ्या. पंचवटीत बुधवार टाळा, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातले विक्रेते त्या दिवशी येऊच शकत नाहीत. जागा तळमजल्यावर किंवा चालू लिफ्ट असलेल्या इमारतीत हवी. माइक व्हीलचेअरपर्यंत नेता यावा आणि आधी कळवल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळावा. अडखळत बोलणाऱ्याला जास्तीची मिनिटं द्यावीत. सिडकोत कोणी अहिराणीत बोललं, तर तसंच बोलू द्यावं. समजणारे तिथे खूप निघतील.

शेवटी उत्तर. प्रत्येक मुद्द्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि उत्तराची तारीख इतिवृत्तात लिहिली गेली पाहिजे, आणि पुढच्या बैठकीत सर्वांत आधी तीच यादी वाचायची, असा नियम ठरावातच घाला. तो गाळून बाकी सगळं मंजूर करतो म्हणाले, तर मान्य करू नका.