कलावेड्याला दिवाळीत गंजिफा
चित्रांची आवड असलेल्या माणसाला आणखी एक ड्रायफ्रूटचा डबा नको; सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे रंगवलेले पत्ते, द्या. दशावतारी गंजिफेच्या डावात 120 गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची 12. हाताने रंगवलेला पुरा डाव महाग पडतो. मग एकच अवतार निवडा. मासेखाऊ मित्राला मत्स्य, हे तर ठरलेलंच! राजा, वजीर आणि दोन-तीन आकडी पानं एका फ्रेममध्ये झकास दिसतात. काच मात्र पानांना टेकू देऊ नका. मध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर दमट हवेत वरचं रोगण काचेला चिकटायची भीती. राजवाड्यात कारागीर अजूनही पानं रंगवतात, पण काम सावकाशीचं. मागणी दसऱ्याच्या बरीच आधी नोंदवा.