मोफत हायपरव्हायजर बसवताना या चुका टाळा

२०२३ ची चतुर्थी. दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोंड्याच्या घरी माटोळीचे नारळ नि सुपारीचे घोस उतरवत होतो. एवढ्यात म्हापशाच्या एका ऑफिसातून फोन आला. "दादा, सर्व्हर चालू झालाय, दिवे लागलेत, पण आतलं एकही मशीन उठत नाही. टॅली बंद, हजेरी बंद, सगळेच बंद."

सुट्टीआधी त्यांनी सगळे व्यवस्थित शटडाउन केले होते. डिस्क ठीक, रॅम ठीक, केबल जागच्या जागी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हा हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारे सॉफ्टवेअर, बसवले होते आणि परवान्याची की घालायची राहून गेली होती. चाचणीचे ६० दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपले होते, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. कारण मुदत संपली तरी चालू असलेली व्हीएम चालूच राहते. ती एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे ही चूक नेमकी वीज गेल्यावर किंवा मोठ्या सुट्टीनंतर उघडी पडते, आणि माणूस हार्डवेअर तपासत बसतो.

तुमच्याकडे असे झाले तर आधी होस्टच्या, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या सर्व्हरच्या, वेब पानावर जाऊन परवान्याचा रकाना उघडा. तिथे मुदत संपल्याची तारीख दिसली तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

त्या दिवशी मोफत की घालून सगळी मशीन पाच मिनिटांत उठली. खरा धक्का रात्री बसला. दोन महिने बिनतक्रार चालणारा बॅकअप त्या रात्री फेल झाला. चाचणीच्या काळात ईएसएक्सआयची सगळी सशुल्क वैशिष्ट्ये खुली असतात. मोफत की घातली की ती मिटतात. बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरला होस्टकडून व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती) काढून घ्यावा लागतो आणि ते ज्या एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या दारातून) हे काम करते, ते मोफत परवान्यात फक्त वाचण्यापुरते उघडे असते. "सध्याचा परवाना ही क्रिया करू देत नाही" अशा अर्थाचा संदेश लॉगमध्ये दिसला की हेच समजायचे. पासवर्ड बदलून किंवा सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही होत नाही.

मोफत परवान्यात एका व्हीएमला जास्तीत जास्त ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) मिळतात आणि तो होस्ट व्हीसेंटरला, म्हणजे अनेक होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडता येत नाही. चाचणीत कोणी हौसेने १२ व्हीसीपीयूची व्हीएम उभी केली असेल तर की घातल्यावर ती सुरूच होणार नाही. आकडा ८ वर आणावा लागतो. हे सगळे पाहिल्यापासून मी एक क्रम कधी मोडत नाही. आधी परवाना, मग व्हीएम, मग त्याच परवान्याखाली बॅकअप. चाचणीच्या परवान्यावर घेतलेला बॅकअप तुमच्या खऱ्या परिस्थितीबद्दल काहीच सांगत नाही. मोफत ईएसएक्सआयवरच राहायचे असेल तर बॅकअपचा एजंट प्रत्येक व्हीएमच्या आत बसवा, जणू तो टेबलावरचा साधा संगणकच आहे. थोडे कष्टाचे आहे, पण चालते.

जुन्या व्हिडिओवर विसंबणे

मोफत ईएसएक्सआयचे नियम गेल्या काही वर्षांत इतके हलले आहेत की २०२२ चा व्हिडिओ बघून काम करणारा माणूस हमखास अडकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई या आवृत्तीबरोबर ती परत आली. आता मोफत परवाना त्या आयएसओमध्येच (बसवण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइलीतच) येतो, वेगळी की शोधायची गरज नसते. त्यामुळे "पोर्टलवर नोंदणी करा, की कॉपी करा, इथे पेस्ट करा" ही जुनी पायरी तुम्हाला सापडणारच नाही. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी की चालत नाही, हेही लक्षात ठेवा. सहाची की सातवर बसत नाही.

मग लोक काय करतात? कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवरून की उचलतात. मडगावात एका ठिकाणी मी असा सर्व्हर पाहिला, ज्यावर मोठ्या कंपन्या वापरतात त्या दर्जाचा परवाना दिसत होता आणि मालकांनी त्यासाठी एक पैसाही दिला नव्हता. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. बसवणाऱ्याने परस्पर केले होते. मला याचा मनापासून राग येतो. ग्राहकाने विश्वासाने चावी हातात दिलेली असते आणि उद्या तपासणी झाली तर उत्तर त्याला द्यावे लागते, बसवणाऱ्याला नाही. पैसे द्यायचे नसतील तर खरोखर मोफत असलेले पर्याय आहेत. ते वापरा.

प्रॉक्समॉक्सची ती खिडकी

असा पहिला पर्याय म्हणजे प्रॉक्समॉक्स हा हायपरव्हायजर. डेबियन लिनक्सवर उभा असलेला, एजीपीएल या मुक्त परवान्याचा, पूर्ण मोफत. लॉगिन केले की "वैध सबस्क्रिप्शन नाही" अशी खिडकी येते आणि नवा माणूस घाबरतो. ही चाचणीची मुदत नव्हे. ६० दिवसांनी काही बंद पडत नाही, व्हीएमवर मर्यादा नाही, बॅकअपवरही नाही. सबस्क्रिप्शन म्हणजे एंटरप्राइझ रेपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ते सशुल्क भांडार) आणि कंपनीचा आधार. ते सीपीयू सॉकेटमागे वर्षाच्या हिशेबाने विकले जाते.

पण खिडकी बंद करून कामाला लागलात तर अपडेट घेताना ४०१ची चूक येते. कारण बसवताना एंटरप्राइझ रेपॉझिटरीच चालू असते आणि ती सबस्क्रिप्शनशिवाय दार उघडत नाही. डावीकडच्या यादीत नोडवर, म्हणजे तुमच्या होस्टच्या नावावर, जा, अपडेट्सखाली रेपॉझिटरीज उघडा, एंटरप्राइझची ओळ बंद करा, सेफ (Ceph) या स्टोरेजची एंटरप्राइझ ओळ असेल तर तीही बंद करा आणि नो-सबस्क्रिप्शनची ओळ जोडा. पुष्कळजण हे न करता अपडेटच सोडून देतात. वर्षानुवर्षे पॅच न घेतलेला होस्ट मग तसाच नेटवर बसून राहतो.

इथे व्हिडिओची चूक पुन्हा भेटते. आठवी आवृत्ती डेबियन १२ वर, म्हणजे बुकवर्मवर आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली नववी डेबियन १३ वर, म्हणजे ट्रिक्सीवर. जुन्या लेखातली बुकवर्मची ओळ नवव्या आवृत्तीत चिकटवली की पॅकेजांची सरमिसळ होते आणि ती निस्तरण्यापेक्षा पुन्हा बसवणे सोपे जाते. आणि ती खिडकी घालवायला इंटरनेटवरच्या अनोळखी स्क्रिप्ट रूटने, म्हणजे सर्वाधिकाराने, चालवू नका. एका क्लिकचा त्रास वाचवण्यासाठी सगळ्या सर्व्हरची मालकी अनोळखी माणसाच्या हातात कशाला द्यायची?

घरी बसवला, ऑफिसात नेला

गोव्यात आम्हा छोट्या सेवावाल्यांची ही नेहमीची सवय. रात्री घरी निवांत सर्व्हर बसवायचा, सकाळी गाडीत घालून ग्राहकाकडे पोचवायचा. घरचा राउटर १९२.१६८.१ या रांगेतला, ऑफिसचा १९२.१६८.१० मधला. सर्व्हर सुरू होतो, स्क्रीनवर पत्ता दिसतो, ब्राउझरमध्ये टाकला तर काहीच उघडत नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये पत्ता दोन जागी लिहिलेला असतो. एक ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातली इंटरफेसेस फाइल, तिथे व्हीएमबीआर० या ब्रिजचा (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचचा) पत्ता आणि गेटवे असतो. दुसरी ईटीसीतलीच होस्ट्स फाइल. लोक पहिली बदलतात, दुसरी विसरतात. मग गंमत अशी की स्क्रीनवर जुनाच पत्ता दिसत राहतो, कारण तो होस्ट्स फाइलमधून येतो, आणि माणसाला वाटते की बदल झालाच नाही. दोन्ही बदला, डीएनएसही बघा, रिस्टार्ट करा. पत्ता टाकताना एचटीटीपीएस हवे आणि शेवटी ८००६ हा पोर्ट हवा. नुसता पत्ता टाकून पान येत नाही.

याच जातीची आणखी एक अडचण. चालत्या सर्व्हरला नंतर एखादे कार्ड जोडले, एनव्हीएमई असो की ग्राफिक्स, की स्लॉटचे क्रमांक सरकतात आणि काल ईएनपी३एस० नावाचे नेटवर्क कार्ड आज ईएनपी४एस० होते. ब्रिज अजून जुन्या नावालाच बांधलेला. केबल ठीक, स्विचचा दिवा लागलेला, तरी नेट नाही. मॉनिटर-कीबोर्ड लावून आयपी लिंक ही कमांड द्या, नवे नाव बघा आणि इंटरफेसेस फाइलमध्ये लिहा. हे ज्याने एकदा भोगले तो पुन्हा विसरत नाही.

ईएसएक्सआयमध्ये नेटवर्क कार्डाचे दुखणे वेगळे. साध्या मदरबोर्डवरचे रिअलटेक कार्ड त्याला आपणहून ओळखता येत नाही आणि इन्स्टॉलर तिथेच थांबतो. सातव्या आवृत्तीपासून जुने जुगाडू ड्रायव्हरही चालत नाहीत. इंटेलचे वापरलेले सर्व्हर कार्ड घ्या, डोकेदुखी संपते. आणि व्हीएम सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एसव्हीएम (प्रोसेसरमधली व्हीएम चालवण्याची सोय) बंद आहे का ते आधी पाहा.

होस्ट मोफत, आतले विंडोज मोफत नव्हे

ही चूक सर्वांत महागात पडते. मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर हायपर-व्ही सर्व्हर २०१९ मोफत होता, त्यानंतरच्या आवृत्तीत तो स्वतंत्रपणे मोफत आलाच नाही. पण तो असो की प्रॉक्समॉक्स, आत चालणाऱ्या प्रत्येक विंडोजला परवाना लागतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतला तर त्या मशीनचे सगळे फिजिकल कोअर, किमान १६, परवान्यात बसवावे लागतात आणि त्यावर दोन व्हीएम चालवता येतात. तिसरी हवी तर सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा. वापरणाऱ्यांचे परवाने, म्हणजे कॅल, वेगळे. जुन्या डेस्कटॉपबरोबर आलेले ओईएम विंडोज त्या डेस्कटॉपचेच असते. त्याची व्हीएम करून सर्व्हरवर नेली म्हणजे परवाना सोबत येत नाही.

चाचणीचा विंडोज सर्व्हर १८० दिवस चालतो, नंतर दर तासाला आपोआप बंद पडू लागतो. "नंतर की टाकू" म्हणून त्यावर डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) उभा करू नका. डोमेन कंट्रोलर झालेल्या चाचणी आवृत्तीचे पक्क्या आवृत्तीत रूपांतर होत नाही. दुसरा सर्व्हर उभा करून भूमिका तिकडे हलवाव्या लागतात.

प्रॉक्समॉक्सवर विंडोज बसवताना डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हवर जोडा आणि ड्रायव्हर लोड करा.

स्नॅपशॉट आणि पावसाळा

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळे सांगतात, तरी ऐकत कोणी नाही. अपडेटआधी स्नॅपशॉट काढला, अपडेट नीट झाला, स्नॅपशॉट तसाच राहिला. ईएसएक्सआयवर त्या क्षणापासूनचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत साठत जातो. थिन डिस्क (वापर होईल तशी जागा घेणारी) असेल तर आणखी वाईट, कारण कागदावर जागा शिल्लक दिसते आणि प्रत्यक्षात डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, भरत आलेला असतो. तो भरला की व्हीएम जागच्या जागी थबकते. अशा वेळी घाबरून फाइली हाताने पुसू नका. जागा मोकळी करा आणि स्नॅपशॉट मॅनेजरमधूनच एकत्र करा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, विजांचा कडकडाट वेगळाच. यूपीएस असतो, पण त्याची यूएसबी केबल मोकळीच लोंबत असते. ती होस्टला जोडा. प्रॉक्समॉक्सवर नट नावाचे साधन बसवले की बॅटरी संपत आल्यावर होस्ट आतली मशीन ओळीने बंद करतो आणि मग स्वतः झोपतो. प्रत्येक व्हीएमच्या आत गेस्ट एजंट (होस्टचे निरोप घेणारा छोटा प्रोग्राम) हवा, नाहीतर बंद होण्याचा निरोप आत नीट पोचेलच याची खात्री नाही. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची खूणही करा, आणि क्रम ठरवा: आधी डोमेन कंट्रोलर, दोन मिनिटे थांबून डेटाबेस, मग बाकीचे.

आता मी प्रत्येक सर्व्हरच्या पुढच्या दारावर एक कागद लॅमिनेट करून चिकटवतो. नुसता कागद एका पावसाळ्यात भिजून उकलतो. त्यावर असते ते एवढेच: बसवल्याची तारीख, आवृत्ती, परवाना कोणता आणि कोणाच्या नावावर, होस्टचा पत्ता, आणि बॅकअपमधून एखादी व्हीएम शेवटची कधी उठवून पाहिली ती तारीख. म्हापशाच्या त्या ऑफिसात शेवटच्या रकान्याच्या तारखा आता तिथली मुलेच मार्करने भरतात.