डायबेटिसच्या कॉम्प्लिकेशन्सवर काम सुरू करताय? पाथवेच्या (पेशीतल्या सिग्नलच्या साखळीच्या) आधी टिश्यू बघा

लॅबमध्ये नवीन आलेल्यांचा हमखास प्रश्न, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर) चांगलं की वाईट? कुठल्या अवयवाबद्दल बोलतोय ते सांगितल्याशिवाय याला उत्तरच नाही. डायबेटिसमध्ये रेटिनाला ऑक्सिजन कमी पडायला लागला की व्हीईजीएफ वाढतं, नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात, म्हणून तर डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन देतात. आणि त्याच पेशंटच्या पायाची जखम भरत नसेल तर तिथे ग्रोथ फॅक्टर कमी पडलेले असतात, तिथे उलट पीडीजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं जेल वरून लावतात (बेकाप्लर्मिन, अमेरिकेत १९९७ पासून मंजूर).

किडनीत मुख्य नाव टीजीएफ-बीटा, हाही एक ग्रोथ फॅक्टरच. ग्लुकोज वाढलं की मेसँजियल पेशीत (किडनीच्या गाळणीतल्या आधार देणाऱ्या पेशीत) ते वाढतं, त्याचा सिग्नल आत नेणाऱ्या स्मॅड प्रोटीन्समार्फत कोलॅजन, फायब्रोनेक्टिन बनत राहतं आणि गाळणीत जाळं साचतं, शिवाय एमटॉरमुळे (पेशीची वाढ चालवणाऱ्या एन्झाइममुळे) पेशी फुगतात ते वेगळंच. मग टीजीएफ-बीटा बंद केलं की झालं, असं कागदावर वाटतं, पण त्याला अडवणारी अँटिबॉडी पेशंटना देऊन झालीये आणि फायदा दिसेना म्हणून ट्रायल मध्येच थांबवली. त्यामुळे उंदरातला सुंदर ग्राफ बघून मी तरी लगेच हुरळून जात नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. आधी मीडियाच्या (पेशी वाढवायच्या द्रावणाच्या) बाटलीवरचं ग्लुकोज वाचा, खरंच वाचा. नॉर्मल म्हणजे साधारण ५.५ मिलीमोलर, पण डीएमईएम/एफ-१२ या नेहमीच्या मीडियात मुळातच १७.५ असतं, म्हणजे तुमचा "कंट्रोल" आधीच डायबेटिक! हाय ग्लुकोज २५ किंवा ३० देणार असाल तर सोबत तेवढ्याच मॅनिटॉलचा (पेशी वापरत नाहीत अशा साखरेसारख्या पदार्थाचा) कंट्रोल हवाच, नाहीतर दिसलेला इफेक्ट साखरेचा की नुसत्या ऑस्मोलॅरिटीचा (द्रावणात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचा) हे कळणारच नाही आणि व्हायवात पहिला प्रश्न तोच येतो. सीरममध्ये ग्रोथ फॅक्टर ठासून भरलेले असतात, म्हणून ट्रीटमेंटआधी पेशींना सीरम कमी करून ठेवतात, पण किती वेळ ते तुमच्या पेशींवर आधी तपासा, सगळ्यांना सारखं झेपत नाही.

ग्रोथ फॅक्टरचा सिग्नल पोचला का हे बघायला फॉस्फो-एकेटीचा (फॉस्फेट लागून चालू झालेल्या एकेटी प्रोटीनचा) वेस्टर्न ब्लॉट करताना लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फटेज इनहिबिटर ताजा घाला, नाहीतर ते फॉस्फेट निघून जातं, सँपल बर्फावरच ठेवा, आणि शेजारी टोटल एकेटी दाखवल्याशिवाय गाईडकडे जाऊ नका, परत पाठवतील.