मोबाइलमधील एआर वापरून मेंदूच्या शस्त्रक्रियेची आखणी कशी करावी

ठाण्यात माझ्या ओपीडीत येणारे नातेवाईक बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीतून सीटीच्या फिल्म आणि सेंटरची सीडी घेऊन येतात. फिल्मवरची सपाट चित्रे मनात उभी करायची आणि नाकाच्या मुळापासून टेप धरून डोक्यावर छेदाची रेघ आखायची, हेच आम्ही शिकलो. नेव्हिगेशनचे, म्हणजे स्कॅनवर हत्याराची जागा दाखवणारे, यंत्र नसलेल्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) आजही तेच करतो. मोबाइलमधील ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, या कामाला चांगला हातभार लावते, कारण रुग्णाच्या स्वतःच्या सीटीवरून तयार केलेले त्रिमितीय मॉडेल कॅमेऱ्यात दिसणाऱ्या डोक्यावर बसवता येते आणि आतली गाठ त्वचेच्या नेमक्या कोणत्या भागाखाली आहे ते दिसते. पुढील पद्धत न्यूरोसर्जन आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागालगतच्या गाठींसाठी, उदाहरणार्थ कॉन्व्हेक्सिटी मेनिन्जिओमा या मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीसाठी, छेदाची आणि कवटीत उघडायच्या हाडाच्या खिडकीची जागा ठरवण्यापुरतीच ती वापरावी. खोलवरची बायोप्सी किंवा कवटीच्या तळाची गाठ यांसाठी ती अजिबात वापरू नये.

सुरुवात स्कॅनच्या आधी करावी. रुग्ण सीटीला जाण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर ईसीजीचे पाच इलेक्ट्रोड चिकटवावेत आणि प्रत्येकाच्या कडेने स्किन मार्करने गोल काढून ठेवावा, म्हणजे एखादा निघाला तरी जागा हरवत नाही. कपाळ आणि कानामागचे हाड या जागा चांगल्या, कारण तिथली त्वचा फारशी सरकत नाही. पाचही एका ओळीत किंवा एकाच बाजूला नकोत. गाठ त्यांच्या घेऱ्यात यावी. एमआरआय करायचा असेल तर इलेक्ट्रोडऐवजी व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल चिकटवाव्यात, त्या चित्रात स्पष्ट दिसतात. रेडिओलॉजी सेंटरला स्पष्ट सांगावे की १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइसचा पूर्ण डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) हवा आहे आणि नाक, दोन्ही कान व डोक्याचा माथा स्कॅनमध्ये आलाच पाहिजे. जाड स्लाइसवरून केलेले मॉडेल पायऱ्यापायऱ्यांचे होते. फिल्मचा इथे काहीही उपयोग नाही.

मॉडेल तयार करण्यासाठी थ्रीडी स्लाइसर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते संशोधनासाठीचे सॉफ्टवेअर असून रुग्णोपचारासाठी मान्यताप्राप्त नाही, हे लक्षात ठेवूनच ते उघडावे. सीटीमध्ये घनता मोजणाऱ्या हाउन्सफील्ड मापात हवा उणे १०००, पाणी ० आणि हाड त्याच्या बरेच वर असते. त्यामुळे ३०० च्या आसपास मर्यादा ठेवली की कवटी जवळजवळ आपोआप वेगळी होते. त्वचाही अशीच सुटते. गाठीच्या बाबतीत मात्र ही मर्यादा भरवशाची नाही, तिची कड स्लाइसवर स्वतःच्या हाताने काढावी आणि रेडिओलॉजिस्टकडून तपासून घ्यावी. सुपीरिअर सॅजिटल सायनस या कवटीखाली मध्यरेषेत असलेल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळची गाठ असेल तर तो सायनसही वेगळ्या रंगात घ्यावा. त्वचा अर्धपारदर्शक, गाठ लाल, सायनस निळा आणि इलेक्ट्रोड पिवळे, एवढे रंग पुरतात. गुळगुळीतपणाचा पर्याय जपून वापरावा. तो लहान गाठीचा आकार खाऊन टाकतो.

यानंतर मॉडेल मोबाइलला समजेल अशा स्वरूपात न्यायचे असते: अँड्रॉइडसाठी जीएलबी, आयफोनसाठी यूएसडीझेड. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो त्या त्रिकोणांची संख्या कमी करून घेतली की साधा फोनही अडखळत नाही. येथे दोन धोके आहेत. पहिला एककाचा. स्लाइसर मिलिमीटरमध्ये मोजतो, जीएलबी मीटरमध्ये. रूपांतरात हे चुकले तर डोके हजारपट मोठे होते आणि ते लगेच कळते. पण मॉडेल चिमटीने नकळत पाच टक्क्यांनी ताणले गेले तर ते कळत नाही. म्हणून दोन इलेक्ट्रोडमधील अंतर स्लाइसरमध्ये मोजून कागदावर लिहावे, तेच रुग्णाच्या डोक्यावर कॅलिपरने मोजावे आणि पडद्यावरील मॉडेलच्या शेजारी पट्टी धरूनही पडताळावे.

दुसरा धोका डाव्या-उजव्याचा आहे आणि मला तो जास्त भयंकर वाटतो. रूपांतरात एखाद्या अक्षाची दिशा उलटली की मॉडेल आरशातल्यासारखे होते; डोके बऱ्यापैकी सममित असल्यामुळे ते रुग्णाच्या डोक्यावर व्यवस्थित बसतेही, फक्त गाठ दुसऱ्या बाजूला जाते. माझ्या सुरुवातीच्या एका मॉडेलमध्ये हेच झाले होते. उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन इलेक्ट्रोड लावले होते, ते पडद्यावर उलटे दिसले, आणि केवळ त्यामुळे आदल्या संध्याकाळी चूक सापडली. तेव्हापासून इलेक्ट्रोड मी कधीही सममित लावत नाही.

फाइल मोबाइलवर घेण्याआधी डायकॉममधील नाव, वय आणि नोंदणी क्रमांक काढून टाकावेत. त्वचेच्या मॉडेलमध्ये रुग्णाचा चेहरा ओळखू येतो, म्हणून आखणीला नको असलेला चेहऱ्याचा भाग कापावा. व्हॉट्सॲपच्या गटावर मॉडेल टाकू नये, रुग्णाची लेखी संमती आधी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही.

आता मुख्य काम, म्हणजे मॉडेल डोक्यावर बसवणे. यासाठी मॉडेल हाताने सरकवता व फिरवता येईल आणि पारदर्शक करता येईल असे ॲप लागते. पिवळे इलेक्ट्रोड खऱ्या इलेक्ट्रोडवर आणावेत, आणि समोरून, बाजूने व वरून अशा तिन्ही दिशांनी पाहून खात्री करावी. एका बाजूने जुळलेले दुसऱ्या बाजूने हमखास हललेले दिसते. त्यानंतर खूण करताना फोन त्या जागेच्या त्वचेला काटकोनात धरावा. पडद्याला खोली दाखवता येत नाही. आत असलेली गाठ त्वचेवरच चिकटल्यासारखी दिसते. गाठीचा मध्य ३ सेंटिमीटर खोल असेल आणि फोन १० अंशांनी कलला असेल, तर त्वचेवरची खूण ५ मिलिमीटरने सरकते. २० अंशांनी कलला तर ११ मिलिमीटरने. हाडाच्या छोट्या खिडकीसाठी ही चूक मोठी आहे.

हे हाताला कळावे म्हणून रुग्णाआधी लाल भोपळ्यावर सराव करावा. मी जांभळी नाक्यावरून डोक्याएवढा भोपळा आणला, फाक कापून आत लिंबाएवढा शाडूचा गोळा कापसात घट्ट बसवला, फाक चिकटपट्टीने बंद केली, इलेक्ट्रोड लावले आणि सेंटरमध्ये रुग्ण नसताना त्याचा सीटी करून घेतला. एआर पाहून खूण केली आणि तिथून विणकामाची सुई सरळ आत घातली. भोपळा चिरल्यावर दिसले की सुई गोळ्याला चाटूनही गेली नव्हती; मी फोन तिरका धरला होता. निवासी डॉक्टरांची सुई सलग काही वेळा गोळ्यात लागेपर्यंत मी त्यांना रुग्णावर खूण करू देत नाही.

ओटीमध्ये क्रम चुकवू नये. भूल दिल्यावर डोके पिनच्या क्लॅम्पमध्ये पक्के बसवावे आणि मगच मॉडेल जुळवावे, कारण आधी जुळवून नंतर डोके वळवले तर मॉडेल हवेतच राहते. फोन कॅमेरा आणि हालचालीचे सेन्सर यांच्या आधारे स्वतःची जागा ठरवतो. एकसारख्या हिरव्या कापडावर आणि ओटीच्या प्रखर दिव्याखाली त्याला धरण्यासारखे काही सापडत नाही आणि मॉडेल हळूहळू घसरते. त्यामुळे ते निर्जंतुक कापड (ड्रेप) टाकण्यापूर्वी, मोठा दिवा बाजूला करून खुणा पूर्ण कराव्यात. फोन निर्जंतुक नसतो, तो साहाय्यकाने धरावा. खूण झाली की नेहमीची टेप काढावी: नाकाच्या मुळापासूनचे आणि मध्यरेषेपासूनचे सीटीवर मोजलेले अंतर डोक्यावर पुन्हा मोजावे. टेप आणि एआर यांच्यात १ सेंटिमीटरहून अधिक फरक आला, तर मी एआरची खूण पुसतो, टेपप्रमाणे आखतो आणि खिडकी थोडी मोठी ठेवतो. ड्युरा, म्हणजे मेंदूचे बाहेरचे आवरण, उघडल्यावर मेंदूभोवतीचे पाणी वाहून जाते, मेंदू खाली बसतो आणि स्कॅनमधील जागा तशीच राहत नाही; म्हणून त्वचेवरची रेघ पक्की होताच फोन ओटीबाहेर पाठवावा.